अळू

बिजगर्णीहून पावणेनऊची बस.
आधार दाखवलं की कंडक्टर बाईमाणसाला
शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो.
शून्य. बरोबर लिहिलंय, मला वाटलं,
आणि घडी करून पोरीच्या दुपट्यात खोचलं.

घरी सांगितलेलं, सुईला नेते.
खरं फक्त शिवलीलाक्काला ठाऊक,
गुलाबी साडीतली आशा, तिनंच पाठवलं:
सिव्हिलात मागच्या अंगाला जा, तेवीस नंबर.
लगेच गोळी देत नाहीत तिथं. आधी बोलतात.

बोलायचं काय?
शेगडी होती, ओव्याची धुरी होती,
डिंकाचे लाडू, बेळगुंदीहून आईनं धाडलेला शेपू.
सासूनं दोनदा दृष्ट काढली,
मिरच्या ठसकल्या नाहीत, तेव्हा म्हणाली,
बघ, केवढी लागलेली.
नवरा रात्री पाळणा हलवायचा,
हलवायचा नाही असं नाही.

पण न्हाणीत पोरीला पायांवर घेतलं
की माझे हात मला दुसऱ्या कुणाचे वाटायचे.
तांब्या काठोकाठ. तिची टाळू उडतेय.
मी हात मागं ओढून हाक मारायची,
आत्याबाई, तुम्हीच घाला पाणी.
सगळ्यांना वाटायचं, नवखी आहे.

तेवीस नंबरात एक टेबल, एक पंखा,
आणि महादेवीबाई, रायचूरकडून बदलून आलेल्या,
चष्मा दोरीला बांधलेला.
त्यांच्यापुढं कन्नडात छापलेला कागद.
त्यांना मराठी नाही.
माझं कन्नड रताळ्यांच्या दिवसांपुरतं,
मार्केटात पोत्यावर बसून शिकलेलं:
एष्टु, बेड, साकु, जास्ती आयतु.

त्यांनी विचारलं, अळु बरतदेनु?

बरतद म्हणजे येतं. एवढं समजतं मला.
येतंय की, म्हटलं, मोरीमागं, भरपूर,
आणि पानं केवढाली ते हातांनी दाखवलं.

त्यांनी कागदावर काही लिहिलं नाही.
माझ्या पसरलेल्या हातांकडं बघत राहिल्या.
मग डोळ्यापासून गालावर
एक बोट हळूच खाली ओढलं.
दारात फरशी पुसणारी बाई म्हणाली,
अगं रडू. रडू येऊलंय काय, विचारतायत.

आधी त्या हसल्या.
मग मी, मग फरशीवाली, फडकं हातात तसंच धरून.
त्रेचाळीस दिवसांनी हसत होते,
आणि हसता हसता कुठं फाटा फुटला कळलं नाही,
माझं अळू
त्यांच्या भाषेतलं झालं.

पोर झोपलेली. कुणी मला गप्प केलं नाही.
पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून
त्यांनी त्यावर पाण्याची बाटली ठेवली.

नंतर मी म्हटलं, साकु.
साकु, अक्का, साकु.
तागडीचं पारडं खाली टेकलं
की गिऱ्हाइकाला म्हणायचे, तोच शब्द.
मराठीत पुरे म्हटलं असतं
तर पोरीला लागलं असतं.
रात्र एष्टु, निद्दे एष्टु, त्या विचारत गेल्या.
मी बोटं दाखवत गेले.
हातांचं मात्र सांगता येईना.
शेवटी टेबलावर उताणे ठेवले दोन्ही.
त्या काहीतरी लांबलचक बोलल्या,
त्यातलं तप्पल्ल एवढंच कळलं,
चुकलं नाही की काहीसं.
मग लिहायला घेतलं त्यांनी. पुष्कळ लिहिलं.

पुढचा मंगळवार. दहा वाजता.
फरशीवाली म्हणाली, मी असतो बघ इथं दहाला,
आमची बाई असं बोलते तसंच, पुरुषागत.

घरी सासूनं विचारलं, टोचली? ताप येणार काय?
मंगळवारी परत बोलावलंय, म्हटलं.
पोरीला तिच्याकडं दिलं,
मोरीमागं गेले, विळ्यानं चार पानं कापली.
हातांना जरा खाज सुटली. माझेच हात.

बाळंतिणीला अळू चालत नाही, ती ओरडली आतून.
येतंय पण, मी म्हटलं.
भरपूर.